ओपिऑइडचं व्यसन: राग आवरत नाही, हात स्थिर राहत नाही

अफू, मॉर्फिन, हेरॉइन, फेंटानिल हे सगळे ओपिऑइड मेंदूत मुख्यतः एकाच कुलपाला लागतात: पेशींवरचा म्यू रिसेप्टर. तो वेदनेच्या मार्गावर असतो, तसाच भीती-राग हाताळणाऱ्या अमिग्डालात, हालचालींना दिशा देणाऱ्या स्ट्रायटममध्ये आणि श्वासाचा ताल राखणाऱ्या मेंदूच्या देठातही.

रोज डोस मिळू लागला की मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलटा जोर लावतो. देठातलं लोकस सेरुलियस हे छोटं केंद्र नशेने दबतं, म्हणून त्यातल्या पेशी आतून उत्तेजनाची यंत्रणा वाढवून ठेवतात. डोस चुकला की दाब निघतो आणि शरीराला सावध करणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन उसळतं. मग घाम, धडधड, थरथरणारे हात, एका जागी न ठरणारे पाय. हेरॉइनमध्ये हे साधारण ८ ते १२ तासांत सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं.

शरीराची ही लक्षणं आठवडा-दहा दिवसांत बरीच ओसरतात. मनाची मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतात. ताणाची रसायनं चढलेली असतात, आनंदाचे मार्ग बोथट झालेले असतात आणि आवेग रोखणारा कपाळामागचा भाग दुबळा पडलेला असतो. क्षुल्लक बोलण्यावर माणूस भडकतो तो यामुळे. घरच्यांनी त्याला ‘स्वभावच तसा’ म्हणणं अन्यायाचं आहे.

हातापायांचं गणित थोडं वेगळं. नवा किंवा वाढवलेला डोस गुंगी आणतो, प्रतिसाद मंदावतो, तोल जातो. डॉक्टरांनी ठरवलेल्या स्थिर डोसवर यातलं बरंच कमी होतं. वर दारू किंवा झोपेची गोळी घेतली की परत येतं, श्वासही धोक्यात येतो. मोठ्या डोसमध्ये स्नायू झटके देऊ शकतात. फेंटानिल शिरेतून वेगाने गेलं तर छातीचे स्नायूच ताठरू शकतात. ओव्हरडोसमध्ये ऑक्सिजन तुटला, तर हालचाल नियंत्रित करणारे बेसल गँग्लिया कायमचे जखमी होऊ शकतात.

सर्वांत धोक्याचा काळ व्यसन सुटल्यावरचा. काही आठवड्यांत डोस पेलण्याची शरीराची सहनशक्ती उतरते, आणि जुनाच डोस श्वास थांबवू शकतो. म्हणून नुसतं ‘शरीर साफ करून’ घरी पाठवणं अपुरं. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या उपचाराच्या ओपिऑइड औषधांवर दीर्घकाळ ठेवल्यास मृत्यू घटतात. ओव्हरडोसवरचा उतारा असलेलं नॅलोक्सोन श्वास परत आणतं, पण त्याचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत उतरतो आणि ओपिऑइड रक्तात उरलेलं असू शकतं. नॅलोक्सोन दिल्यावर माणूस उठून बसला, तरी रुग्णवाहिका बोलवावी आणि त्याला एकटं सोडू नये.