वणव्यावर हुकूम कोणाचा, कुमक कोणाची?

मोठा वणवा पेटला की समन्वय केंद्राचं नाव कानावर येतं, आणि आपण धरून चालतो की तिथे बसलेली माणसंच आग विझवायचे आदेश देत असतील. तसं नसतं. आग हाताळणारी कमांड वेगळी आणि कुमक जुळवणारा समन्वय वेगळा. अमेरिकेत दोन्ही व्यवस्था एकाच प्रकल्पातून आल्या, तरी त्यांची सरमिसळ होऊ नये याची काळजी सुरुवातीपासून घेतलेली आहे.

हा धडा फार महाग पडला होता. १९७० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या वणव्यांनी १३ दिवसांत १६ जीव घेतले आणि ७०० हून अधिक बांधकामं खाक केली. बंब होते, माणसं होती. पण प्रत्येक खात्याची परिभाषा निराळी, संदेशयंत्रणा जुळत नव्हत्या आणि कुठल्या आगीला आधी काय द्यायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायची सोय नव्हती. त्यानंतर ‘फायरस्कोप’ प्रकल्प उभा राहिला. त्यातून घटनास्थळासाठी इन्सिडेंट कमांड सिस्टीम आली आणि अनेक यंत्रणांसाठी समन्वयाची पद्धत.

कमांडचं काम त्या एका आगीपुरतं. इन्सिडेंट कमांडर, म्हणजे त्या आगीवरचा प्रमुख अधिकारी, उद्दिष्टं ठरवतो. आग अडवायला कुठल्या बाजूला जमीन साफ करून रेषा खणायची, कुठून माणसं मागे घ्यायची, हे त्याच्या हाताखालच्या साखळीतून ठरतं. एका अधिकाऱ्याकडे तीन ते सात जण, शक्यतो पाचच. आग दोन-तीन खात्यांच्या हद्दीत पसरली तर त्यांचे अधिकारी एकत्र बसून संयुक्त कमांड चालवतात, आराखडा मात्र एकच.

आता त्याच कमांडरला आणखी पाच बंब हवेत असं समजा. तो शेजारच्या जिल्ह्याला परस्पर फोन लावत बसत नाही. मागणी डिस्पॅच केंद्रात, म्हणजे कुमक पाठवणाऱ्या स्थानिक कचेरीत, नोंदवली जाते आणि तिला क्रमांक मिळतो, त्याच्या आधी प्रकाराचं अक्षर: विमान-हेलिकॉप्टरला ए, हातपथकाला (हत्यारांनी रेषा खणणाऱ्या माणसांच्या तुकडीला) सी, बंबाला ई, अधिकारी-तज्ज्ञांना ओ, सामानाला एस. नुसतं ‘बंब’ लिहून भागत नाही, प्रकार सांगावा लागतो. शहरी रस्त्यावरचा अवजड बंब डोंगरातल्या कच्च्या वाटेवर काय कामाचा? स्थानिक पातळीवर मागणी भागली नाही तर ती देशातल्या दहा भौगोलिक समन्वय केंद्रांपैकी त्या भागाच्या केंद्राकडे जाते, आणि तिथेही नाही जमलं तर आयडाहोतल्या बॉयसी इथल्या राष्ट्रीय केंद्राकडे.

समन्वयाची खरी कसोटी लागते ती सगळ्यांना पुरेल एवढं नसतं तेव्हा. तीन आगी, तिन्ही कमांडर हेलिकॉप्टर मागताहेत, आणि हेलिकॉप्टर एकच मोकळं. प्रत्येकाला आपली आग सर्वांत भयंकर दिसते, आणि ती दिसायलाच हवी. तो धुरात उभा आहे. म्हणून निवाडा त्याच्यावर सोडत नाहीत. वेगवेगळ्या खात्यांचे निर्णयाधिकार असलेले प्रतिनिधी एकत्र बसून आगींचा अग्रक्रम लावतात. जीविताचा धोका सर्वांत आधी. देशाची सज्जता पातळी १ ते ५ अशी मोजतात आणि ५ ला पोचल्यावर जवळपास सगळी कुमक आधीच कुठे ना कुठे गुंतलेली असते. कोणाला तरी ‘आत्ता नाही’ म्हणावंच लागतं. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतलं हेच सर्वांत अवघड काम आहे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

ते हेलिकॉप्टर एकदा आगीवर पोचलं की पाणी आगीच्या कुठल्या कडेला टाकायचं यात समन्वय केंद्र पडत नाही. कमांडरही कामाला आलेलं पथक आपल्या मर्जीने दुसऱ्या आगीकडे वळवत नाही. त्याने ‘माझं काम झालं’ म्हणून मोकळं केलं की पुढे कुठे पाठवायचं ते केंद्र बघतं, आणि तेही आधी पथकाचे दिवस मोजून. प्रवास सोडून सलग १४ दिवस झाले असतील, तर सहसा त्यांना विश्रांतीला सोडावं लागतं, पलीकडच्या डोंगरावर आग भडकलेली असली तरी.