पीठ चोळल्यानं बाळाचा इसब टळत नाही
लातूर-परभणीकडं आजही सांगतात, डाळीच्या पिठानं बाळ घासून काढलं की लव जाते, कातडी निबर होते आणि पुढं इसब होत नाही. हे खरं नाही. लव काही आठवड्यांत आपोआप झडते. तान्ह्याची कातडी फार पातळ. घासलं की वरचं आवरण खरवडतं, ओल उडते, खाज वाढते. बिचारं रडून सांगतंच की!

इसब बराचसा आनुवंशिक. रोज मलम लावूनही तो टळेलच असं नाही: ब्रिटनमधल्या १३९४ बाळांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही. कोरड्या कातडीला मात्र बिनवासाचं मलम लावावं. मालिश हलक्या हातानं करा, पीठ नको. चट्ट्यांतून पाणी सुटलं तर डॉक्टरांकडं न्या.