गाडी घाटातच का अडखळते? स्पार्क प्लग आणि त्याच्या वायरींविषयी

सपाट रस्त्यावर निमूट चालणारी जुनी पेट्रोल गाडी घाट लागला की मिसिंग करायला लागते. ॲक्सिलरेटर दाबावा तर पिकअप घेत नाही, उलट हिसके देते. अशा वेळी पेट्रोलमध्ये भेसळ होती किंवा कार्बुरेटरमध्ये कचरा अडकला, असं ठरवून आपण मोकळे होतो. पण पुष्कळदा दोष असतो मिश्रण पेटवणारी ठिणगी जिथे पडते त्या प्लगच्या मिलिमीटरभर फटीत, नाहीतर तिच्यापर्यंत करंट नेणाऱ्या वायरीत. कार्बुरेटरवाली मारुती 800 असेल तर तीन प्लग, त्यांच्या तीन वायरी आणि कॉईलकडून डिस्ट्रिब्यूटरकडे (तो करंट पाळीपाळीने एकेका प्लगला वाटतो) जाणारी चौथी वायर, एवढाच हा पसारा. घरी सहज बदलता येतो.

बॅटरी देते 12 व्होल्ट. एवढ्याने ती फट ओलांडून ठिणगी पडणं अशक्य. म्हणून मध्ये कॉईल येते. तिच्यात जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे एकाच लोखंडी गाभ्यावर असतात. जाड तारेतला करंट एकदम तोडला की चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं विद्युतप्रवर्तन ते हेच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. कॉईल दर वेळी ठरावीक व्होल्टेज देत नाही. व्होल्टेज चढत जातं आणि फटीतला वायू फुटून ठिणगी पडली की तिथेच थांबतं. किती चढावं लागेल हे दोन गोष्टींवर ठरतं: फट किती रुंद आहे आणि तिच्यातला वायू किती दाबलेला आहे. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1889 मध्ये हा संबंध मांडला. मोकळ्या हवेत एक मिलिमीटरच्या फटीला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण पिस्टनने दाबलेलं असतं, त्यामुळे मागणी दहा हजारांच्या पुढे जाते. घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण शिरतं, दाब आणखी वाढतो आणि मागणीही. एरवी कसंबसं निभावणारा झिजका प्लग तिथे हात टेकतो.

झीज होणारच. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लगवर सेकंदाला 25 ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगी धातूचा सूक्ष्म कण घेऊन जाते. फट, म्हणजे गॅप, वाढते आणि मधल्या इलेक्ट्रोडची, म्हणजे ठिणगी निघते त्या धातूच्या टोकाची, धारदार कड गोल होते. विद्युतक्षेत्र धारेवर एकवटतं, गोल पृष्ठभागावर पसरतं. म्हणजे धार गेली की व्होल्टेजची मागणी पुन्हा वाढली. इरिडियमचे प्लग जास्त टिकतात ते यामुळेच. निकेल 1455 अंशांना वितळतं, इरिडियम सुमारे 2446 अंशांना. त्यामुळे त्याचं टोक अगदी बारीक ठेवलं तरी लवकर झिजत नाही.

आता वायर. प्लगची गॅप वाढून व्होल्टेज चढलं की करंट दुसरी सोपी वाट शोधतो, आणि ती बहुधा वायरीच्या तडकलेल्या रबरातून इंजिनच्या लोखंडाकडे जाते. पावसाळ्यात त्या तडांत ओल आणि धूळ बसली की काम आणखी सोपं. रात्री अंधारात बोनेट उघडून चालू इंजिनाकडे लांबूनच पाहा. फुटलेल्या वायरीवर निळसर ठिणग्या स्पष्ट दिसतात. हात मात्र अजिबात लावू नका, आणि छातीत पेसमेकर असलेल्यांनी जवळही जाऊ नये. या वायरींच्या आत बहुधा तांबं नसतं. कार्बन भरलेला धागा असतो. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून हा रोध मुद्दाम ठेवलेला असतो. धागा आतून तुटला तर बाहेरून काही कळत नाही. मल्टिमीटर लावला की कळतं. म्हणूनच माझं मत असं, की जुने प्लग बदलताना वायरी तपासल्याशिवाय बोनेट लावू नये.

काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करा. प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग काढायला गेलं तर आटे जाऊ शकतात. वायर ओढायची नाही, टोकाचा रबरी बूट धरून आधी थोडा पिळायचा, मग काढायचा. एका वेळी एकच वायर काढली तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे प्लगांना ठिणगी मिळण्याचा क्रम, चुकत नाही. प्लगभोवतीची माती आधी हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाईल.

निघालेला प्लग लगेच फेकू नका, उजेडात धरून बघा. टोक फिकट तपकिरी किंवा करडं असेल तर इंजिन ठीक जळतंय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त येतंय. तेलकट ओलं टोक म्हणजे ऑईल वर चढतंय, तिथे नवा प्लगही फार दिवस टिकणार नाही. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे प्लग जास्त तापतोय. टोक साधारण 500 ते 800 अंशांत राहिलं तर काजळी आपोआप जळते आणि मिश्रण वेळेआधी पेटतही नाही. त्यासाठीच प्लगवर हीट रेंजचा आकडा असतो. उष्णता लवकर बाहेर सोडणारा तो थंड प्लग, धरून ठेवणारा तो गरम. मात्र एनजीकेचा मोठा आकडा थंड प्लगचा, तर बॉशचा मोठा आकडा गरम प्लगचा. कंपनी बदलताना हे तपासाच.

नव्या प्लगची गॅप फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा. बसवताना पाना लगेच लावू नका. प्लगच्या वरच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा खोवून तो बोटांनी फिरवा. आटे वाकडे लागले तर नळी प्लगवर घसरते आणि नुकसान होण्याआधीच कळतं. वॉशरवाला नवा प्लग हाताने बसला की पान्याने साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो.

आताच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत वायरी नसतात, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉईल बसते. तिथे झिजक्या प्लगचा ताण थेट कॉईलवर येतो आणि ती प्लगपेक्षा कितीतरी महाग. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत तर ठिणगी पडायला आणखी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून तिथे गॅप थोडी कमी ठेवतात आणि प्लगही लवकर बदलतात.