'मीट द पेरेंट्स' : एका आडनावाची परवानगी

'मीट द पेरेंट्स' ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच नावाचा एक चित्रपट १९९२ मध्येच होऊन गेला होता. शिकागोच्या मंडळींनी स्टुडिओच्या पाठबळाशिवाय, अगदी कमी पैशांत केलेला तो मूळ चित्रपट जेमतेम सव्वा तासाचा आहे. प्रेयसीच्या आईवडिलांना पहिल्यांदा भेटायला गेलेल्या तरुणाची फजिती, हे कथासूत्र तेच असलं तरी त्याचा विनोद कितीतरी काळा आहे. पुढे एका मोठ्या स्टुडिओने हक्क घेतले, संहिता नव्याने लिहून घेतली आणि या सगळ्यात काही वर्षं गेली. दिग्दर्शक म्हणून नावाजलेली माणसं आली नि गेली. मधल्या काळात नायक म्हणून एका अतिशय लोकप्रिय विनोदी नटाचा विचार झाला होता. त्याने चित्रपट सोडला, पण चर्चेत त्याने सुचवलेलं नायकाचं आडनाव संहितेत राहिलं : फॉकर. इंग्रजीतल्या सर्वांत कडक शिवीच्या अगदी जवळ जाणारं.

या आडनावाचं महत्त्व कळायला विषयाची जुनी परंपरा थोडी आठवावी लागते. १९६७ च्या 'गेस हूज कमिंग टू डिनर'मध्ये गोऱ्या घरातली मुलगी कृष्णवर्णीय डॉक्टरला आईवडिलांसमोर आणते. आंतरवंशीय विवाहावरची बंदी तेव्हा १६ राज्यांत शिल्लक होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी जूनमध्ये रद्द केली. तिथे विरोधाला समाजाचा आधार होता. २००० च्या चित्रपटात तसा आधार नाही. शिकागोतला एक परिचारक लाँग आयलंडवरच्या सुखवस्तू घरात शनिवार-रविवार घालवायला जातो, एवढंच. त्यामुळे सासऱ्याच्या नापसंतीला लागणारं खाद्य लेखकांना नायकाच्याच वागण्यातून काढावं लागलं, आणि तिथे संहितेची बांधणी फार पक्की आहे. विमान कंपनी बॅग हरवते आणि मागणीची अंगठी तिच्यातच असते. चांगली छाप पडावी म्हणून मारलेली थाप पुढच्या थापेला जन्म देते. 'या संडासाचं पाणी वाहत राहतं, सांभाळा' अशी सूचना आधी येते. मग मैलाटाकी भरून लग्नाच्या तयारीत असलेलं अंगण घाण होतं. एकही संकट आभाळातून पडत नाही.

या यंत्रात आडनाव हा असा भाग आहे की त्यात नायकाचा काहीच दोष नाही आणि तो काही करूही शकत नाही. म्हणूनच ते काढून टाकणं सोपं नव्हतं.

अडचण प्रमाणपत्राची होती. अमेरिकेतलं वर्गीकरण सरकार करत नाही. १९६८ पासून चित्रपटउद्योगाचीच यंत्रणा ते करते. पीजी-१३, म्हणजे १३ वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांना सावध करणारा वर्ग, १९८४ मध्ये आला. त्याचा ढोबळ नियम असा की इंग्रजीतली ती सर्वांत कडक शिवी केवळ उद्गार म्हणून एकदा आली तर पीजी-१३ मिळू शकतं. एकाहून अधिक वेळा आली किंवा लैंगिक अर्थाने वापरली तर आर. परीक्षक मंडळाच्या सदस्यांच्या विशेष बहुमताने सवलत देता येते. आर म्हणजे १७ वर्षांखालच्यांना मोठ्या माणसासोबतच प्रवेश. शाळकरी मुलं नि आईबाप एकत्र पाहतील अशा चित्रपटाला हा मोठाच फटका.

आणि इथे तर शिवीच्या अगदी जवळचा उच्चार नायकाच्या नावातच, पुन्हा पुन्हा. नायिकेचं मधलं नाव मार्था. लग्नानंतर तिच्या नावात 'मार्था फॉकर' येईल आणि ते इंग्रजीतल्या आईवरच्या शिवीसारखं ऐकू येईल, ही गंमत संहितेत मुद्दाम पेरलेली. तेव्हा परीक्षकांनी विचारलं : हे आडनाव तुम्ही रचलंत, की या नावाची माणसं खरोखर आहेत? स्टुडिओने फॉकर आडनावाच्या खऱ्या माणसांची यादी दिली आणि पीजी-१३ कायम राहिलं.

निकाल योग्यच होता, पण कसोटी चुकीची होती. आडनाव अस्तित्वात आहे म्हणून त्यातून ऐकू येणारी शिवी नाहीशी होत नाही. बघायला हवं होतं ते प्रसंगाकडे : त्या नावाने कोणी कोणाला शिवी घालतं आहे का? नाही. माणूस स्वतःचं नाव सांगतो आणि समोरचे चेहरा सरळ ठेवायची धडपड करतात. विनोद त्या धडपडीचा आहे. यादीवर बोट ठेवून परीक्षकांनी हा प्रश्न टाळला. नायकाच्या गेलॉर्ड या पहिल्या नावातली समलिंगी पुरुषांवरची कोटी मात्र कुणाच्याच आड आली नाही, आणि आज तीच जास्त खटकते.

सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात ३३ कोटींच्या आसपास धंदा केला. २००२ मध्ये एका अमेरिकी वाहिनीने मुलीचे आईवडील उमेदवारांना खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवतात, असा कार्यक्रमही काढला. चित्रपटात सासरा नायकाला अशाच यंत्रासमोर बसवतो. तो प्रसंग आठवणाऱ्यांना या कार्यक्रमाचा उगम सांगावा लागत नाही. विमानात 'बॉम्ब' शब्द उच्चारण्याचा प्रसंग मात्र सप्टेंबर २००१ नंतर पूर्वीसारखा हलका राहिला नाही.

२००४ च्या दुसऱ्या भागात तर आडनाव थेट शीर्षकात गेलं आणि धंदा ५० कोटी डॉलरपार पोचला. २०१० च्या तिसऱ्यातही ते शीर्षकातच होतं, पण पटकथा पार विस्कटलेली. थापेतून थाप निघण्याची ती बांधणी गेली होती आणि नुसत्या नावावर दीड तास काढायचा होता. चौथा भाग नोव्हेंबर २०२६ साठी जाहीर झाला, तोही याच आडनावाने.