वजन उचलणाऱ्याने किती खावं?

नुकताच जिमला जायला लागलेला बारीक अंगकाठीचा मुलगा घरी आणि जिममध्ये एकच सल्ला ऐकतो: खा, भरपूर खा. आई आणखी एक पोळी वाढते. जिममधली मोठी मुलं सांगतात, आधी बल्किंग कर, म्हणजे खाऊन वजन वाढव, चरबीचं नंतर कटिंगमध्ये, म्हणजे खाणं कमी करून, बघू. चार महिन्यांत काटा सात-आठ किलोंनी पुढे सरकतो आणि सगळे खूश होतात. त्या सात-आठ किलोंत स्नायू किती आणि चरबी किती, हे काटा सांगत नाही. ते शोधायला प्रयोग करावे लागतात, आणि तसे प्रयोग झाले आहेत.

त्यातला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रयोग नॉर्वेतला आहे. इना गार्थे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. वजन वाढवू इच्छिणारे ३९ अव्वल खेळाडू त्यांनी दोन गटांत वाटले. वजनं उचलण्याचा व्यायाम दोन्ही गटांना सारखाच होता. एका गटाला आहारतज्ज्ञांनी जास्त खाण्याचा आराखडा आखून दिला, दुसऱ्याला मनाप्रमाणे खायला सांगितलं. पहिला गट दिवसाला सरासरी ३५८५ कॅलरी खात होता, दुसरा २९६४. म्हणजे रोज सहाशेहून जास्त कॅलरींचा फरक, आणि तोही आठ ते बारा आठवडे. जास्त खाणाऱ्यांचं वजन ३.९ टक्क्यांनी वाढलं, मनाप्रमाणे खाणाऱ्यांचं १.५ टक्क्यांनी. इथपर्यंत 'भरपूर खा' म्हणणारे बरोबर ठरतात. पण शरीरातला चरबी सोडून उरलेला भाग, ज्यात स्नायू येतात, तो पहिल्या गटात १.७ किलोंनी वाढला आणि दुसऱ्यात १.२ किलोंनी. हा फरक इतका थोडा होता की संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो टिकला नाही. चरबी मात्र पहिल्या गटात १५ टक्क्यांनी वाढली आणि दुसऱ्यात ३ टक्क्यांनी. सहाशे कॅलरींचा मोठा वाटा कुठे गेला ते इथे दिसतं.

असं का होतं, ते स्नायू कशाचा बनलेला असतो यावरून कळतं. एक किलो स्नायूत जवळपास पाऊण किलो पाणीच असतं. प्रथिनं साधारण दोनशे ग्रॅम, आणि उरलेल्यात थोडी चरबी, ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) आणि क्षार. त्यात साठलेली ऊर्जा मोजली तर ती हजार-बाराशे कॅलरींच्या आसपास भरते. एक किलो चरबीत ७७०० कॅलरी असतात. स्नायू बांधायला साठवणुकीपेक्षा जास्त ऊर्जा खर्च होते हे खरं. जुनी प्रथिनं मोडून नवी रचण्याचं काम अखंड चालू असतं आणि ते फुकट होत नाही. पण नवशिक्या माणूस नेटाने व्यायाम करून महिन्याला अर्धा-एक किलो स्नायू कमावतो, आणि वर्षं जातात तसा हा वेगही मंदावतो. कामच इतकं संथ असेल, तर त्यासाठी रोज हजार कॅलरींचा जादा माल पाठवून काय होणार? वेग व्यायामाने ठरतो. स्नायूला ताण मिळाला की तो वाढीचा हुकूम देतो, अन्न त्या हुकुमाची पूर्तता करतं. हुकमापेक्षा जास्त आलेलं अन्न चरबीच्या कोठारात जातं.

तेही सगळ्यांच्या बाबतीत सारख्या प्रमाणात जात नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लिव्हाइन यांनी सोळा जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जादा खाऊ घातल्या. १९९९ साली निकाल प्रसिद्ध झाले. कुणाच्या अंगावर ०.३६ किलो चरबी चढली, कुणाच्या ४.२३ किलो. फरकाचं कारण व्यायामात नव्हतं. काही जणांचं शरीर जादा अन्न मिळाल्यावर नकळत जास्त हालचाल करू लागलं. उठणं-बसणं, येरझाऱ्या, पाय हलवत राहणं अशा बारीकसारीक गोष्टींत शेकडो कॅलरी खर्च होत होत्या. 'कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही' असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जातं, त्यांच्यातले बरेच जण असेच असावेत. म्हणून मित्राचा आहाराचा तक्ता जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नसतो.

मग सुरुवात कुठून करायची? आपल्याला दिवसाला किती लागतं याचा अंदाज घेण्याची एक सोपी पद्धत आहे. किलोतलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, त्यातून वय गुणिले ५ वजा करा. पुरुषांनी त्यात ५ मिळवावेत, स्त्रियांनी १६१ वजा करावेत. हा पडून राहिलं तरी होणारा खर्च. आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम आणि बाकी सामान्य धावपळ असेल तर त्याला १.५५ ने गुणायचं. साठ किलो वजनाचा, १७० सेंटिमीटर उंचीचा पंचवीस वर्षांचा तरुण घेतला तर उत्तर २४०० कॅलरींच्या जवळ येतं. त्यावर दहा टक्के, म्हणजे अडीचशे कॅलरी, एवढी वाढ सुरुवातीला पुरे.

आता प्रथिनांकडे येऊ, कारण आपल्या ताटाची खरी अडचण तिथे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. वजनं उचलणाऱ्यासाठी आकडा वेगळा. २०१८ साली ४९ प्रयोगांचा, एकूण १८६३ जणांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत फायदा वाढत जातो, पुढे सपाट होतो. आपल्या साठ किलोंच्या तरुणाला दिवसाला ९६ ग्रॅम.

त्याचं रोजचं ताट पाहू. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे, दुपारी तीन पोळ्या, भाजी, वरण-भात, रात्री दोन भाकऱ्या, पिठलं, थोडा भात, झोपताना पेलाभर दूध. चांगलं, पोटभर जेवण आहे. पोळीत तीन ग्रॅम, ज्वारीच्या भाकरीत पाचेक, पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच, दुधाच्या पेल्यात साडेसहा, असं करत सगळी बेरीज पन्नास-पंचावन्न ग्रॅमवर थांबते. सामान्य गरज भागते, स्नायू कमावण्याची नाही. अजून चाळीस ग्रॅम हवेत. ते पोळ्या वाढवून मिळवायचे म्हटलं तर तेरा पोळ्या लागतील!

त्याऐवजी पन्नास ग्रॅम सोया चंक्सची भाजी आणि दोन उकडलेली अंडी घ्या. चंक्समधून पंचवीसेक ग्रॅम, अंड्यांतून बारा-तेरा. चाळीसचा खड्डा जवळजवळ भरला. आणि यातून आलेल्या कॅलरी किती? सुमारे तीनशे. म्हणजे प्रथिनांची तूट भरून काढताना वाढीसाठी लागणाऱ्या जादा कॅलरीही त्यातच येऊन गेल्या. वेगळं 'भरपूर खाण्याची' गरजच उरली नाही. अंडी चालत नसतील तर मटकीची किंवा चवळीची घट्ट उसळ, मूठभर फुटाणे, शंभर ग्रॅम पनीर (यात अठराएक ग्रॅम), वरण जरा दाटसर. मांसाहारी घरात दीडशे ग्रॅम कोंबडीत तीसेक ग्रॅम मिळतात. प्रोटीन पावडर वाईट नाही, ती बहुतेकदा दुधाचंच एक रूप असते. पण ज्या घरात महिन्याच्या किराण्याचा हिशेब जुळवताना ओढाताण होते, तिथल्या मुलाने पावडरीच्या डब्यावर हजारो रुपये घालावेत हे मला पटत नाही. किराणा दुकानात चंक्स आणि डाळी मिळतात, आणि त्या पुरतात.

शाकाहारींना एक शंका सतावते की डाळीचं प्रोटीन हलकं पडतं. साओ पाउलो विद्यापीठात १९ शुद्ध वनस्पती-आहारी आणि १९ मिश्राहारी तरुणांना बारा आठवडे पायांचा व्यायाम करायला लावला गेला. दोघांनाही किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिनं, एकाला सोयाची जोड, दुसऱ्याला व्हेची, म्हणजे दुधातून काढलेल्या प्रथिनांची. २०२१ च्या या अभ्यासात पायांचे स्नायू आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली. एकूण प्रमाण पुरेसं असलं की स्रोताचं महत्त्व कमी होतं. 'एका वेळी तीस ग्रॅमच पचतात' हेही आता मागे पडलं आहे. मास्ट्रिख्टमधल्या संशोधकांनी व्यायामानंतर एकदम शंभर ग्रॅम दिले, तेव्हा शरीर ते बारा तास आणि पुढेही वापरत राहिलं. जिममधून घरी पोचेपर्यंत तासभर उशीर झाला तर काही बिघडत नाही.

आपल्याकडे खुराक म्हटला की पैलवान आठवतो. कोल्हापूरच्या तालमीतली बदामाची थंडाई, तूप, लिटरभर दूध, मटण. हा खुराक चुकीचा नव्हता आणि नाही. पहाटेपासून शेकड्याने जोर-बैठका, मग मातीतल्या लढती, संध्याकाळी पुन्हा मेहनत, असं करणाऱ्या शरीराला इंधनच प्रचंड लागतं, आणि बदाम-तूप हे थोड्या आकारात भरपूर इंधन देतं. संध्याकाळी तासभर डंबेल उचलून उरलेला दिवस खुर्चीत बसणाऱ्याचा त्या तासाचा खर्च दोनशे-तीनशे कॅलरींचा. शंभर ग्रॅम बदामात वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात खरी, पण सोबत सहाशे कॅलरीही येतात. पैलवानाला त्या हव्याच असतात. या दुसऱ्या माणसाला नाहीत.

भात-भाकरी मात्र सोडू नका. जड सेट मारताना स्नायू ग्लायकोजेन जाळतो आणि ते मुख्यतः पिष्टमय पदार्थांतून भरून येतं.

ज्यांच्या पोटावर आधीच चरबी आहे, त्यांना तर वाढीव अन्नही लागत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ४० तरुणांचं अन्न ४० टक्क्यांनी कापून त्यांच्याकडून चार आठवडे कसून व्यायाम करून घेतला. किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांनी त्या उपासमारीतही चरबीविरहित वजन १.२ किलोंनी वाढवलं आणि ४.८ किलो चरबी घालवली. १.२ ग्रॅम घेणाऱ्यांचे स्नायू जेमतेम टिकले. इतकी टोकाची काटछाट घरी करू नये, पण बारीक मुलांना दिलेला सल्ला जाड मुलांनी घेऊ नये हे त्यातून नक्की कळतं. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) तपासून डॉक्टरांशी बोलावं. निरोगी मूत्रपिंडाला या प्रमाणाने धोका झाल्याचं दिसलेलं नाही.

गणिताचे आकडे अंदाजाचेच असतात, तेव्हा पुढचं काम काट्याचं आणि शिंप्याच्या टेपचं. सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. पहिल्या आठवड्यातली उडी मनावर घेऊ नका. ग्लायकोजेनचा साठा वाढला की प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी येतं. त्यानंतर साठ किलोंच्या माणसाचं वजन आठवड्याला दीडशे ते तीनशे ग्रॅमने वाढत असेल, उचलायचं वजन वाढत असेल आणि कमरेचा घेर फारसा हलत नसेल, तर जेवण बरोबर आहे. तीन आठवडे काटा जागचा हलला नाही तर एक वाटी उसळ आणि एक पोळी वाढवा. काटा भराभर पळतोय आणि पँट घट्ट होतेय, तर तेवढंच कमी करा, पण प्रथिनांना हात न लावता.