जयंती नाल्याच्या सांडपाण्याची उद्दिष्टे: पार्श्वभूमी

कात्यायनीच्या डोंगराकडून येऊन कोल्हापूर शहरातून पंचगंगेला मिळणारा जयंती नाला मुळात पावसाच्या पाण्याचा ओढा. शहर वाढले तसे घरोघरचे सांडपाणी त्यात येऊ लागले. आज नदीला मिळण्याआधी बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालून हे पाणी अडवतात आणि पंपाने उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवतात. मोठा पाऊस झाला किंवा उपसा थांबला की पाणी बरग्यांवरून सांडते ते थेट नदीत.

जलप्रदूषण रोखण्याचा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्येच केला, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी. तरीही शहरांच्या मैलापाण्याचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. नळाने १०० लिटर पाणी दिले की साधारण ८० लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडते, हा अभियंत्यांचा नेहमीचा हिशेब. पाणीयोजना मात्र आधी झाल्या आणि मलनिस्सारण मागे राहिले.

पंचगंगेच्या बाबतीत २०१२ हे वर्ष विसरता येणार नाही. त्या उन्हाळ्यात नदीच्या खालच्या अंगाच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. वरच्या गावाने सोडलेले पाणी खालचे गाव पिते, हे तेव्हा सगळ्यांना कळले. प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेला. कोल्हापूर महापालिकेला तारखा देऊन कामाचा जाब द्यावा लागला आणि २०१४ मध्ये कसबा बावड्याचे ७६ एमएलडीचे केंद्र सुरू झाले. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. पुढे दुधाळी नाल्यासाठी १७ एमएलडीचे केंद्र आले.

दरम्यान देशपातळीवर निकष बदलत होते. सांडपाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते, ते बीओडीवरून कळते. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत प्रक्रिया केलेल्या पाण्याची बीओडी मर्यादा महानगरांसाठी लिटरला २० मिलिग्रॅम आणि इतर शहरांसाठी ३० ठरली. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती १० वर आणायला सांगितले. त्याआधी, २०१८ मध्ये, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले होते. त्यातले ५३ महाराष्ट्रातले, आणि ही संख्या सगळ्या राज्यांत जास्त. लवादाने मग नाल्यांवरच बोट ठेवले: मुदतीनंतरही नाल्यातच शुद्धीकरणाचे काम सुरू केले नाही, तर दर नाल्यामागे महिन्याला ५ लाख रुपये भरपाई.

माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सर्वांत उपयोगी बदल हाच आहे: लक्ष नाल्यावर आले. प्रक्रिया केंद्राची क्षमता किती, एवढेच उद्दिष्ट असेल तर ते कागदावर सहज पूर्ण होते. बंधाऱ्यावरून वाहून गेलेले पाणी केंद्रात पोचतच नाही, मग ते केंद्राच्या बीओडीच्या आकड्यात दिसणार कसे? म्हणून नवे उद्दिष्ट ठरवताना वर्षातले किती दिवस बरग्यांवरून पाणी गेले, हा आकडा आधी मांडावा; उन्हाळ्याचा वेगळा, पावसाळ्याचा वेगळा. पावसाळ्यात गटारात शिरणारे पावसाचे पाणी वेगळे काढायचे काम मोठे आणि खर्चिक आहे, त्याला वेळ लागेल. उन्हाळ्यात मात्र नाल्यात जवळजवळ फक्त सांडपाणीच असते. तेव्हा पंपांना पर्यायी वीज आणि एक जादा पंप तयार ठेवला, तर पाऊस नसताना नदीत एक थेंबही जाऊ न देण्याचे उद्दिष्ट ठेवता येते. शिरोळपर्यंतची गावे याच नदीवर जगतात, त्यांना हा आकडा दर महिन्याला कळायला हवा.