तपकिरी चरबी पांढरीची बहीण? नातं भलतंच निघालं

‘गार पाण्याने आंघोळ करा, पांढरी चरबी तपकिरी होईल’ हा मेसेज दर हिवाळ्यात फिरतो; कारण पांढरी चरबी ऊर्जा साठवते, तर तपकिरी ती जाळून उष्णता देते. त्यामागचा समज जुना आहे: दोन्ही चरब्या सख्ख्या बहिणी, फरक फक्त रंगाचा. अभ्यासकही बराच काळ असंच धरून चालले होते.

२००८ साली अमेरिकेत ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या पाठीवरच्या तपकिरी चरबीच्या पूर्वपेशींमधलं (ज्यांपासून पुढे चरबीच्या पेशी घडतात) ‘पीआरडीएम१६’ हे जनुक दाबून पाहिलं. पेशी पांढऱ्या चरबीकडे वळतील असंच कुणालाही वाटलं असतं. त्या झाल्या चक्क स्नायूच्या! उलट, स्नायूच्या पूर्वपेशींत तेच जनुक चालू केलं, तर त्या तपकिरी चरबी बनल्या. म्हणजे पाठीवरच्या या चरबीचं गोत्र स्नायूशी जुळतं. ‘पीपीएआर-गॅमा’ हे जनुक दोन्ही चरब्यांना लागतं; तपकिरीची खास ओळख ठरवण्यात पीआरडीएम१६चा मोठा हात.

सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशीत तेलाचा एकच टपोरा थेंब दिसतो, केंद्रक बिचारं कडेला चेपलेलं. तपकिरीत बारीक थेंब आणि खच्चून भरलेल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं. त्यांच्यातल्या लोहामुळे तो रंग. तिथलं ‘यूसीपी१’ हे प्रथिन ऊर्जा साठवू न देता तिची थेट उष्णता करतं.

मग मेसेज निव्वळ थाप? अगदीच नाही. थंडीत पांढऱ्या चरबीत काही पेशी उष्णता निर्माण करू लागतात. त्यांना ‘बेज’ म्हणतात. पण हे ठळकपणे दिसतं ते उंदरांत, आणि तेही दिवसेंदिवस थंडीत ठेवल्यावर. दोन तांबे गार पाण्याने नव्हे.